मागच्या आसनावरचा पट्टा

खांदा आणि कंबर या दोहोंना एकत्र आवळणारा मोटारीतील पट्टा स्वीडनच्या निल्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ साली व्होल्वो कंपनीत सिद्ध केला. संकटकाळी वैमानिकास विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर त्याने पूर्वी काम केले होते. कंपनीने या शोधाचे एकस्व इतर कारखानदारांनाही खुले ठेवले. व्यापारात असे औदार्य विरळाच. पुढे १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्टा सक्तीचा केला.

बोहलिनच्या शोधाच्या वेळी पेडणे महालात पोर्तुगीज अंमल होता. आज पत्रादेवीहून मालप्याकडे उतरणाऱ्या महामार्गावर मोटारी वेगाने धावतात. २०२३ पासून मोपाच्या विमानतळाची वर्दळही तीत मिळाली. पुढे बसणारा पट्टा बांधतो, पुष्कळदा पोलिसाच्या धाकाने. मागच्याला मात्र तो आपल्यासाठी नाहीच असे वाटते. वस्तुतः नियम मागच्यांनाही लागू असून, २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड १००० रुपये आहे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघेही दगावले. पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मोटार थांबते, पण न बांधलेला देह तिच्याच वेगाने पुढे जातो, आणि पुढच्या माणसालाही चिरडू शकतो.

पुनवेला वा फेस्ताला निघालेल्या मोटारीत मागचे पट्टे बहुधा आसनाखाली दडपलेले असतात आणि मूल आईच्या मांडीवर असते. धडकेच्या क्षणी ते मूल कोणत्याही आईच्या हातांना धरून ठेवता येत नाही.