यंत्र तिकडे, काम इकडे

दोडामार्ग तालुक्यातल्या माणसाला 'राहणे एकीकडे आणि काम दुसरीकडे' ही गोष्ट मुद्दाम समजावून सांगावी लागत नाही. सकाळी एस.टी.ने किंवा मोटारसायकलीवरून गोव्याची हद्द ओलांडायची, म्हापसा, डिचोली, साखळीकडे काम करायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे, हा इथल्या अनेक घरांचा परिपाठ आहे. पाण्याचेही तसेच. तिलारीचे धरण महाराष्ट्रात, पण कालव्यांतून त्याचे पाणी गोव्यातल्या शेतांपर्यंत पोचते.

संगणकाच्या कामातही अशीच फारकत असते. आज्ञावली म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस एका गावी आणि ती चालवणारे यंत्र भलत्याच गावी, हे आज सर्रास घडते. पुष्कळांना वाटते, की ही इंटरनेट आल्यानंतरची करामत आहे. प्रत्यक्षात हा इतिहास ऐंशी वर्षांहून जुना आहे. तो समजून घेतला, तर आपल्या शाळेत अशी सोय आपल्याच हाताने उभी करता येईल का, या प्रश्नाचे उत्तरही सापडते. म्हणून आधी इतिहास पाहू या.

तारेवरून गेलेले गणित

११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतल्या हॅनोव्हर या लहान गावी, डार्टमथ कॉलेजात, गणितज्ञांची परिषद भरली होती. तिथे जॉर्ज स्टिबिट्झ या बेल प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाने एक टंकयंत्र मांडले. त्यावर संमिश्र संख्यांचे गणित टंकित केले, की काही वेळाने उत्तर त्याच यंत्रावर उमटत असे. गणित करणारे यंत्र मात्र काहीशे किलोमीटरांवर न्यूयॉर्कमध्ये होते. दूरध्वनीत वापरतात त्या रिले नावाच्या विद्युत्-कळांचे ते बनले होते, आणि दोन्ही गावे तारेने जोडलेली होती. दुरून गणनयंत्र वापरल्याचे हे पहिले जाहीर प्रात्यक्षिक. तेव्हा आपण आज ज्याला संगणक म्हणतो तो जन्मालाही आला नव्हता!

कुलाब्याचे यंत्र आणि पत्त्यांचे गठ्ठे

आपल्याकडची सुरुवात मुंबईतली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी एक संगणक बांधला. तो १९६० मध्ये पुरा झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि स्मृती केवळ २,०४८ शब्दांची होती. शब्द म्हणजे इथे ४० बिट्सचा एक गट. आजच्या साध्या मोबाइलच्या स्मृतीपुढे ही काहीच नव्हे. परंतु देशातल्या कितीतरी शास्त्रज्ञांनी आज्ञावली लिहिण्याचे पहिले धडे त्यावर गिरवले.

१९६४ मध्ये याच संस्थेत अमेरिकेहून सी.डी.सी. ३६०० हा मोठा संगणक आला. देशभरातल्या विद्यापीठांची आणि प्रयोगशाळांची कामे त्यावर होऊ लागली. त्या काळी काम कसे चालायचे ते पाहण्याजोगे आहे. आज्ञावलीतली प्रत्येक ओळ एका जाड कागदी पत्त्यावर छिद्रांच्या रूपात उमटवायची. एका पत्त्यावर ८० अक्षरे मावत. हजार ओळींची आज्ञावली म्हणजे हजार पत्ते! गठ्ठा खिडकीवर द्यायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे आणि मग छापील कागद हाती घ्यायचा. त्यावर 'अमुक ओळीत स्वल्पविराम राहिला' एवढेच लिहिलेले असले, तर पत्ता दुरुस्त करून पुन्हा रांगेत! परगावच्या माणसाला तर प्रवासाचा किंवा टपालाचा वेळही त्यात मिळवावा लागे. यंत्राचा एक क्षणही वाया जात नसे. माणसाचे दिवस जात.

एक गुरुजी, चार वर्ग

हे कोडे सुटले ते एका साध्या निरीक्षणामुळे. समजा, टंकन करणारा माणूस सेकंदाला ४ अक्षरे टंकित करतो. सेकंदाला १० लाख सूचना पाळणाऱ्या यंत्राला दोन अक्षरांमधल्या अवधीत अडीच लाख सूचना पाळता येतील. म्हणजे एका माणसापुढे यंत्र बहुतांश वेळ रिकामेच बसणार. मग त्या रिकाम्या वेळात त्याने दुसऱ्याचे काम का करू नये?

ही युक्ती आपल्या शिक्षकांना नवी नाही. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळतात. तिसरीला पाढे लिहायला लावून चौथीचा धडा घेतात, आणि चौथी उत्तरे लिहीत असताना पुन्हा तिसरीकडे वळतात. प्रत्येक वर्गाला वाटते, गुरुजी आपलेच! संगणकाने २० जणांना आळीपाळीने सेकंदाचा शंभरावा भाग दिला, तर प्रत्येकाची पाळी सेकंदाच्या पाचव्या भागात परत येते. मधली खंडणी माणसाला जाणवतही नाही. याला 'वेळेची वाटणी' म्हणजेच टाइम-शेअरिंग म्हणतात. अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांनी १९६१ मध्ये अशी प्रणाली चालवून दाखवली.

तीन वर्षांनी डार्टमथमध्येच, १ मे १९६४ च्या पहाटे, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या प्राध्यापकांची वेळवाटणीची प्रणाली सुरू झाली. नवशिक्यांसाठी तयार केलेली बेसिक ही संगणकभाषा त्याच पहाटे तिच्यावर प्रथम चालली. पुढे काही वर्षांत आसपासच्या माध्यमिक शाळाही दूरध्वनीच्या तारेने तिला जोडल्या गेल्या. शाळेत संगणक नाही, पण वर्गात टंकयंत्र आहे आणि कॉलेजचे यंत्र उत्तर देते आहे, असा तो प्रकार. लहान गावातल्या शाळेला संगणक विकत न घेताही संगणक शिकता येतो, हे त्या मुलांनी दाखवून दिले.

मुंबईतही १९७० च्या दशकात टाटा संस्थेत राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास केंद्र उभे राहिले. त्याच्या डेक-१० या यंत्राभोवती टर्मिनल मांडली गेली, आणि पत्त्यांच्या गठ्ठ्यांची जागा कळफलकाने घेतली. हेच केंद्र पुढे 'एन.सी.एस.टी.' म्हणून ओळखले गेले.

बारीक तार किती पुरते?

आता एकमेकांपासून दूर असलेली यंत्रे जोडण्याकडे वळू. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेट या जाळ्यावरून पहिला संदेश गेला, तो काही शुभेच्छांचा नव्हता. लॉस एंजेलिसमधल्या विद्यार्थ्याला दूरच्या यंत्रात प्रवेश हवा होता, म्हणून तो 'लॉगिन' हा इंग्रजी शब्द टंकित करीत होता. पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले! तासाभराने प्रयत्न सफल झाला. तेव्हा इंटरनेटच्या या पूर्वजाचे पहिले कामच मुळी 'दूरच्या यंत्रावर बसणे' हे होते.

आपल्या देशात १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. मुंबईची एन.सी.एस.टी., बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आय.आय.टी. आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग हे त्याचे सहभागी. श्रीनिवासन रमणी हे त्यातले एक प्रमुख नाव. १९८९ मध्ये मुंबईहून अमेरिकेशी जोडणारी तार मिळाली, तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट्स. सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

९,६०० हा आकडा विद्यार्थ्यांकडून जरूर तपासून घ्यावा. एका रोमन अक्षराला ८ बिट्स धरले, तर सेकंदाला १,२०० अक्षरे जातात. म्हणजे २,४०० अक्षरांचे पान दोन सेकंदांत पोचते. पण ३० लाख अक्षरांएवढी जागा घेणारे एक छायाचित्र पाठवायचे म्हटले, तर २,५०० सेकंद, म्हणजे सुमारे ४२ मिनिटे लागतील. यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. दूरच्या यंत्रावर आज्ञावली लिहिण्यासाठी जाडजूड तार लागत नाही, कारण ये-जा फक्त अक्षरांची असते. अवजड काम पलीकडेच होते. डोंगराआड जिथे मोबाइलची रेंज जेमतेम मिळते, तिथे ही गोष्ट फार मोलाची आहे. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातली मुले रेंजसाठी डोंगरावर जाऊन अभ्यास करीत होती, ते आपण विसरलेलो नाही.

कुलूप आले ते चोरीनंतर

सुरुवातीच्या जाळ्यांवर परवलीचा शब्द उघडाच जात असे. वाटेत कान देऊन बसलेल्याला तो सहज मिळे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात अशी चोरी झाली. तिथल्या तातू यलोनेन यांनी त्यानंतर एस.एस.एच. ही सुरक्षित पद्धत तयार केली. तीत सगळा मजकूर सांकेतिक रूपात जातो, आणि परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. यंत्रावर आपण जणू आपले कुलूप लावून ठेवतो. त्याची किल्ली मात्र आपल्याच संगणकात राहते, ती तारेवरून कधी प्रवास करीत नाही. १९९९ पासून या पद्धतीची मुक्त आवृत्तीही मिळू लागली.

मधल्या काळात वैयक्तिक संगणक स्वस्त झाले. प्रत्येकाचे यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर आले, आणि दूरच्या यंत्राची गरज संपली असे वाटू लागले. पण २००६ च्या सुमारास लंबक पुन्हा फिरला. अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्या यंत्रे तासाच्या भाड्याने देऊ लागल्या. पुढे तर आज्ञावली लिहिण्याचा फळाच ब्राउझरमध्ये आला. काही न बसवता, कुठूनही काम करा! सोय खरीच मोठी. पण भाड्याचे घर ते भाड्याचेच. क्लाउड९ नावाची अशी एक लोकप्रिय सेवा २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली आणि २०२४ मध्ये नव्या ग्राहकांसाठी तिचे दार बंद झाले. अशा सेवेवर वर्षभराचा अभ्यासक्रम बेतलेल्या शिक्षकाने काय करायचे?

परसातली विहीर

म्हणूनच 'आपल्या जागेत आपलेच यंत्र' हा तिसरा मार्ग समजून घ्यायला हवा. धरणाचे पाणी नळाने येते, तेव्हा कोणी परसातली विहीर बुजवू नये, तसेच हे आहे.

दोडामार्गसारख्या गावातल्या शाळेत मांडणी करायची, तर एक बऱ्यापैकी संगणक पुरतो. त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवायची आणि आत शिरण्यासाठी एस.एस.एच.च्या किल्ल्या करायच्या. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी खोली द्यायची, म्हणजे एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम बिघडत नाही. अशा खोल्यांना कंटेनर म्हणतात. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे त्या करणे सोपे झाले. ब्राउझरमध्ये उघडणारा संपादक हा फळा, आणि गिट ही जुन्या-नव्या मसुद्यांची वही. गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिली. मुलांच्या हाती जुने, मंद संगणक असले तरी चालतात, कारण ती केवळ खिडकी असते. आणि मुख्य म्हणजे, शाळेच्या आवारातल्या जाळ्यावर हे सारे इंटरनेट बंद असतानाही चालते.

घरून शाळेच्या यंत्रात यायचे असेल, तर एक अडचण येते. अनेक जोडण्यांमध्ये कंपनी एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांना वाटून देते, त्यामुळे बाहेरच्याला आपले दार सापडत नाही. अशा वेळी शाळेच्या यंत्राने स्वतःच बाहेरच्या एखाद्या ओळखीच्या यंत्राशी सांकेतिक बोगदा जोडून ठेवायचा. वायरगार्ड हे त्यासाठीचे साधन २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. मात्र दार सताड उघडे ठेवून सोप्या परवलीवर विसंबू नये. इंटरनेटवर कड्या वाजवत फिरणारी स्वयंचलित यंत्रे रात्रंदिवस जागी असतात.

खर्चाचा हिशेबही करू. ३० वॅटचे यंत्र दिवसभर चालू ठेवले, तर २४ तासांत ०.७२ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे २२ युनिट वीज लागते. हे परवडते. खरा खर्च असतो राखणीचा. एका जूनमध्ये पहिल्याच गडगडाटात आमच्या यंत्राची डिस्क गेली. प्रती काढल्या होत्या, पण त्या त्याच डिस्कवर! तीन महिन्यांचे मुलांचे काम गेले. दोष विजेचा नव्हे, आमचा. तेव्हापासून एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत, हा नियम आम्ही मोडत नाही. वळवाच्या दिवसांत ढग भरून आले, की तारा काढून ठेवतो. मोठ्या कंपनीच्या केंद्रात ही काळजी घ्यायला पगारी माणसे असतात. आपल्याकडे ती आपणच घ्यायची असते. ज्या शाळेत असा एखादा शिक्षक किंवा दोन-तीन हौशी विद्यार्थी नाहीत, तिने खुशाल भाड्याची सेवा वापरावी.

पण ती वापरतानाही मुलांना चार प्रश्न विचारायला शिकवावे: यंत्र कुठे आहे? किल्ली कोणाकडे आहे? प्रत कुठे आहे? आणि तार तुटली तर काय चालू राहील? कुलाब्याच्या खिडकीपुढे पत्त्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या राहिलेल्या संशोधकाला हे प्रश्न पडत नव्हते, कारण त्याला निवडच नव्हती. आज दोडामार्गच्या मुलाला निवड आहे. घरच्या पडवीत बसून तो जगातल्या कुठल्याही यंत्रावर काम करू शकतो, आणि शाळेच्या कपाटातले एक यंत्र स्वतः उभे करून तेही चालवू शकतो. पहिल्याने त्याला कदाचित नोकरी मिळेल; पण यंत्राच्या आत काय चालते, हे त्याला दुसऱ्यातूनच कळेल.

पुढच्या आठवड्यात वर्गात एक खेळ घेऊन पाहावा. एका विद्यार्थ्याला यंत्र करावे आणि दहा जणांनी त्याच्याकडे आपापली बेरजेची लांब यादी द्यावी. आधी त्याने एकेक यादी पुरी करावी. नंतर प्रत्येकाची एकच पायरी करून पुढच्याकडे वळावे. दोन्ही वेळा कोणाला पहिले उत्तर केव्हा मिळाले आणि सगळ्यांचे काम केव्हा संपले, ते घड्याळ लावून फळ्यावर मांडावे. दुसऱ्या पद्धतीत एकूण वेळ थोडा जास्तच लागेल. मग तिचा फायदा नेमका काय, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.