सुगंध देणारी गवते : रोशा आणि गवती चहा

लॅव्हेंडरच्या तेलाला शहरांत मागणी वाढली असली, तरी हे झुडूप मूळचे थंड, कोरड्या हवेचे. जम्मूतील भदरवाह परिसरात त्याची शेती रुजली. ठाणे, कल्याण-डोंबिवलीचा दमट पावसाळा मात्र त्याच्या मुळांना मानवत नाही. येथे सुगंधी तेल काढायचे, तर गवतांकडेच वळावे लागते. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे.

खानदेशातील डोंगरउतारांवर रोशा गवत आपोआप उगवते. पावसाळा सरताना फुलोऱ्यावर आलेले गवत कापून ओढ्याकाठच्या भट्ट्यांवर त्याचे तेल काढले जाई. लोखंडी कढई, बांबूची नळी आणि थंड पाण्यात बुडवलेले तांब्याचे भांडे, एवढीच सामग्री. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानपर्यंत पोहोचे आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. जिरॅनिऑल हा घटक दोहोंत असल्याने ही भेसळ सहज खपून जाई. आज हेच तेल ‘पामारोझा’ या नावाने ओळखले जाते.

घराच्या गच्चीत वाढणारा गवती चहा रोशाचाच भाऊबंद. त्याच्या तेलाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रालमुळे. सिट्रालचा उत्कलनबिंदू दोनशे अंशांहून अधिक असतो. तरीही पाण्याच्या वाफेबरोबर तो शंभर अंशांच्या आतच बाहेर पडतो. ऊर्ध्वपातनाचे मर्म यातच आहे. वाफ थंड झाली की तेल पाण्यावर तरंगते व वेगळे काढता येते. खाली उरते ते सुगंधी जल.

ताज्या गवतातून साधारण ०.२ ते ०.४ टक्के तेल मिळते. म्हणजे दोन किलो गवतामागे जेमतेम चमचाभर. इंधनाचा खर्च पाहता घरी हा छंदच ठरतो. व्यवसायासाठी शेत आणि मोठे संयंत्र हवे.

घरगुती प्रयोगात वाफेची वाट कधीही बंद होऊ देऊ नये. नळी तुंबल्यास भांडे फुटू शकते. तेल ज्वालाग्राही असल्याने ते शेगडीपासून दूर ठेवावे. शुद्ध तेल पोटात घेऊ नये, तसेच खोबरेल वा तिळाच्या तेलात पुरेसे पातळ केल्याविना त्वचेला लावू नये. गडद रंगाच्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, उन्हापासून दूर ठेवल्यास त्याचा सुगंध दीर्घकाळ टिकतो.