रक्ताची साक्ष

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरीं मला भेटावयास आला होता. त्याचा चार वर्षांचा मुलगा हांक मारली तरी वळून पाहत नाहीं, बोटानें कांहीं दाखवीत नाहीं, आणि खेळण्यांतल्या गाडीचें एकच चाक तासन् तास फिरवीत बसतो. डॉक्टरांनीं स्वमग्नता, म्हणजे ज्यास ऑटिझम म्हणतात ती अवस्था, असें निदान केलें होतें. विद्यार्थ्याच्या हातीं रक्तपरीक्षांच्या अहवालांची एक जाड फाईल होती. "सर, ह्यांत कोठें तरी कारण सांपडेल ना?" असें त्यानें विचारलें; आणि थोड्या वेळानें खालीं मान घालून तो म्हणाला, "घरांत सगळे हिलाच दोष देतात." मी वैद्य नव्हे, इतिहास शिकविणें हा माझा व्यवसाय. त्याच्या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नव्हतें. परंतु त्याचीं हीं दोन वाक्यें एकमेकांशीं निगडित आहेत, आणि त्यांचा संबंध ऐंशी वर्षांहून जुना आहे, एवढें मला ठाऊक होतें. तोच इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

१९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर ह्यांनीं ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. पहिल्या मुलाच्या वकील पित्यानें आपल्या लेकराच्या वागणुकीचें वर्णन करणारें ३३ पानी पत्र पाठविलें होतें. ह्या अवस्थेच्या अभ्यासाचा आरंभ एका बापाच्या निरीक्षणानें झाला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. माणसांशीं भावनेचा धागा जोडण्याची शक्तीच ह्या मुलांत जन्मतः उणी असावी, असें कॅनर ह्यांनीं निबंधाच्या अखेरीस म्हटलें. परंतु त्याच निबंधांत, ह्यांच्या आईबापांत मायाळू माणसें थोडींच आढळलीं, असाही शेरा होता. आणि १९४९ सालच्या दुसऱ्या लेखांत तर त्यांनीं ह्या घरांतील थंडपणास शीतकपाटाची उपमा दिली. जगानें पहिलें मत विसरून उपमा तेवढी लक्षांत ठेवली. पुढें शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम ह्यांनीं १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या मुलांची तुलना नाझी छळछावण्यांतील कैद्यांशीं केली. ते स्वतः त्या छावण्यांतून सुटून आलेले असल्यामुळें त्यांच्या शब्दांस वजन होतें. तुलना मान्य केली म्हणजे छावणीचा पहारेकरी कोण, हें निराळें सांगावें लागत नव्हतें. आरोपीच्या पिंजऱ्यांत आई उभी राहिली.

अशा वेळीं कांहीं वैद्यांनीं साक्षीसाठीं रक्ताकडे धांव घेतली, ह्यांत नवल नाहीं. १९०६ सालीं वासरमान ह्यांनीं उपदंशाची रक्तपरीक्षा शोधली, आणि १९१३ सालीं एका जातीच्या वेडानें मेलेल्यांच्या मेंदूंतच त्या रोगाचे जंतु दाखविले गेले. नॉर्वे देशांत एक माता आपल्या दोन मंदबुद्धि मुलांचें कारण विचारीत वैद्यांचीं दारें झिजवीत होती. १९३४ सालीं फॉलिंग ह्यांनीं त्या मुलांच्या मूत्रांत लोहाचा क्षार मिसळला, तों त्यास हिरवा रंग आला. आणि अन्नांतील एक द्रव्य पचविण्याची शक्ति त्यांच्या शरीरांत नाहीं, हें उघड झालें. पुढें १९६० नंतरच्या दशकांत अर्भकाच्या टांचेंतील रक्ताच्या थेंबावरून हा रोग ओळखतां येऊं लागला, व नुसत्या पथ्यानें मुलें वांचूं लागलीं. स्वमग्नतेचाही असा एखादा हिरवा रंग कोठें तरी दडलेला असेल, ही आशा म्हणून अगदीं अवास्तव नव्हती.

१९६१ सालीं शेन व फ्रीडमन ह्यांस कांहीं स्वमग्न मुलांच्या रक्तांत सेरोटोनिन नांवाचें द्रव्य प्रमाणाबाहेर आढळलें. रक्तांतील ज्या कणिकांस प्लेटलेट म्हणतात त्यांत हें सांठविलेलें असतें. पुढील अनेक पाहण्यांत हें निरीक्षण टिकलें. परंतु वाढ आढळते ती सुमारें चतुर्थांश मुलांतच. तेव्हां त्यावरून निदान करणें म्हणजे चौघांपैकीं तिघांस वगळणें होय. मात्र आईच्या थंडपणानें मुलाच्या रक्तांतील रसायन बदलतें, असें म्हणणें आतां कठीण झालें. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड ह्यांनीं, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता होते, हा विकार मेंदूचा आहे असें प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला व त्यास प्रस्तावना दिली खुद्द कॅनर ह्यांनीं. १९६९ सालीं पालकांच्या सभेंत कॅनर ह्यांनीं आईबापांस उघडपणें दोषमुक्त केलें. १९७७ सालीं फोल्स्टाइन व रटर ह्यांनीं २१ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. ११ एकरूप जोड्यांपैकीं ४ जोड्यांत दोन्हीं भावंडें स्वमग्न होतीं. १० भिन्नरूप जोड्यांत अशी एकही नव्हती. आनुवंशिकतेचा हा मोठा पुरावा ठरला.

प्रतिकारशक्तीकडे लक्ष वळविलें तें मात्र एका सांथीनें. १९६४ सालीं अमेरिकेंत रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, मोठी सांथ आली. गर्भांत असतांना ह्या रोगाची बाधा झालेल्या २४३ मुलांची न्यूयॉर्क येथें स्टेला चेस ह्यांनीं पाहणी केली. त्यांतील १० मुलांत पूर्ण व ८ मुलांत अंशतः स्वमग्नतेचीं लक्षणें त्यांस आढळलीं, असें त्यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलें. हें प्रमाण सामान्यांहून फारच मोठें होतें. १९७६ सालीं स्टब्ज ह्यांस असें दिसलें कीं, रुबेलाची लस पूर्वीं टोंचलेली असतांही कांहीं स्वमग्न मुलांच्या रक्तांत तिचीं प्रतिपिंडें आढळत नाहींत. पुढें २००५ सालीं त्याच जॉन्स हॉपकिन्समध्यें, योगायोगानें ११ च मृत स्वमग्न व्यक्तींचे मेंदू तपासण्यांत आले, आणि मेंदूंतील पहारेकरी पेशी जागृत होऊन दाह चालू असल्याच्या खुणा त्यांत सांपडल्या. नंतरच्या पाहण्यांत सायटोकाइन नांवाचीं दाहाचा निरोप नेणारीं द्रव्येंही कांहीं मुलांच्या रक्तांत वाढलेलीं दिसलीं.

परंतु साक्षीदार बोलला म्हणजे निकाल लागला, असें नव्हे. शंभर मुलांची सरासरी दुसऱ्या शंभरांच्या सरासरीहून अधिक असली, तरी दोन्हीं गटांतील कित्येक मुलांचे आंकडे सारखेच असतात. म्हणून एकट्या मुलाचा आंकडा पाहून कांहींच ठरत नाहीं. शिवाय सर्दीतापानेंही हीं द्रव्यें चढतात व उतरतात. आणि दाह हें कारण कीं परिणाम, ह्याचा उलगडा रक्त करीत नाहीं. आजही स्वमग्नतेचें निदान मुलाकडे नीट पाहून व आईबापांचें ऐकूनच होतें. कॅनर ह्यांनीं तें ३३ पानी पत्र वाचून केलें, त्याच मार्गानें.

ह्या अनिश्चिततेंत लबाडीसही वाव मिळाला. १९९८ सालीं लंडनच्या अँड्र्यू वेकफील्ड ह्यांनीं १२ मुलांच्या आधारें गोवर, गालगुंड व रुबेला ह्यांच्या संयुक्त लशीकडे बोट दाखविलें. तो निबंध २०१० सालीं मागें घेण्यांत आला व वैद्यकीच्या नोंदवहींतून त्यांचें नांव कमी झालें. डेन्मार्कमध्यें ६,५७,४६१ मुलांची जी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली, तींत लशीचा व स्वमग्नतेचा कांहींएक संबंध आढळला नाहीं. विपर्यास असा कीं, स्वमग्नतेचें जें एक बाह्य कारण खरोखर ठाऊक झालें होतें तें रुबेला, आणि तें टाळणारी लसच आरोपी ठरविली गेली.

आणखी एक धोका ह्याहून सूक्ष्म आहे. गरोदरपणांतील संसर्ग, आईच्या रक्तांतील गर्भाच्या मेंदूवर चालून जाणारीं प्रतिपिंडें, ह्यांवरही पुष्कळ संशोधन झालें आहे. तें योग्यच आहे; परंतु घराघरांत त्याचा अर्थ "शेवटीं आईच" असा लावला जातो. थंड काळजाच्या जागीं आतां दूषित रक्त आलें, इतकेंच. वस्तुतः ज्यांस गरोदरपणीं ताप येतो त्या बहुतेक स्त्रियांचीं मुलें स्वमग्न नसतात. शिवाय २०२२ सालच्या एका स्वीडिश पाहणींत असें दिसलें कीं, गर्भधारणेच्या आदल्या वर्षीं झालेल्या संसर्गाशींही तसाच संबंध आढळतो. तेव्हां संसर्ग हें कारण नसून, दोहोंच्या मागें त्या कुटुंबाचें दुसरेंच कांहीं समान असण्याचा संभव अधिक. आणि रक्तांत उद्यां कांहीं सांपडलें, तरी शरीराच्या रचनेस दोष म्हणत नाहींत. दोष लागतो तो कर्मास.

माझ्या विद्यार्थ्यास मी इतकेंच सांगितलें कीं, फाईल हवी तर जपून ठेव, पण नव्या परीक्षांवर खर्च करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचार; तो पैसा आणि वेळ मुलास बोलतें करणाऱ्या शिक्षणावर घाल. आणि आज घरीं गेल्यावर वडीलधाऱ्यांसमोर हें सांग कीं, हा खटला पूर्वींच चालून गेला आहे, आणि ज्यांच्या शब्दांनीं आईवर आळ आला त्यांनींच तिला निर्दोष ठरविलें आहे. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग फाईल काखेंत मारून उठला आणि म्हणाला, "सर, हें आपण एकदां तिच्यासमोर सांगाल का?" येत्या रविवारीं तीं दोघें मुलास घेऊन येणार आहेत.