नैसर्गिक आपत्ती, शासकीय मदत आणि छोटे व्यावसायिक : महाराष्ट्रातील धोरणाचा ऐतिहासिक अभ्यास (१८८० ते २०२१)

प्रस्तावना

दुष्काळ, महापूर, भूकंप आणि चक्रीवादळ ही संकटे महाराष्ट्राच्या इतिहासात वारंवार आलेली आहेत. या संकटांच्या वेळी राज्यसंस्थेने प्रजेला कोणती मदत केली, याचा अभ्यास प्रामुख्याने शेतकरी आणि शेतमजूर यांच्या संदर्भात झालेला दिसतो. कृषिप्रधान समाजात ते स्वाभाविकही आहे. परंतु गावातील किराणा दुकानदार, शिंपी, विणकर, छापखानावाला, टपरीधारक व यंत्रमागधारक यांचेही भांडवल त्याच पाण्यात बुडते. शेतकऱ्याच्या नुकसानीची नोंद करण्यासाठी सातबारा, पीकपाहणी आणि आणेवारी ही व्यवस्था आहे. दुकानदाराच्या नुकसानीसाठी अशी कोणतीही परंपरागत व्यवस्था नाही. हा फरक कसा निर्माण झाला आणि तो आजवर का टिकून राहिला, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

बीजसंज्ञा : तगाई, दुष्काळ संहिता, सानुग्रह अनुदान, पंचनामा, छोटे व्यावसायिक, आपत्ती निवारण.

संशोधनाची उद्दिष्टे

१) आपत्तीकालीन शासकीय कर्ज व अनुदान यांच्या धोरणाचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२) या धोरणात छोट्या व्यावसायिकांना मिळालेल्या स्थानाचा शोध घेणे.
३) २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतरच्या मदतीचे स्वरूप तपासणे.
४) अमेरिकेतील आपत्ती कर्ज व्यवस्थेशी महाराष्ट्रातील व्यवस्थेची तुलना करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. कायद्यांतील तरतुदी, आपत्ती निधीचे निकष आणि शासनाने जाहीर केलेले मदतीचे दर यांच्या आधारे विवेचन केले आहे.

विषय विवेचन

अ) तगाईचे कायदे : शेतीपुरती मर्यादा

१८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल सादर केला. त्या आधारे १८८३ मध्ये तात्पुरती दुष्काळ संहिता तयार झाली आणि प्रांतांनी आपापल्या संहिता बनविल्या. याच सुमारास कर्जाविषयीचे दोन महत्त्वाचे कायदे झाले. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने विहिरी, बांधबंदिस्ती अशा कायमस्वरूपी कामांसाठी, तर १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याने बी-बियाणे, बैल आणि आपद्ग्रस्तांचे निवारण यांसाठी कर्ज देण्याची सोय केली. लोकव्यवहारात ही दोन्ही कर्जे 'तगाई' या जुन्याच नावाने ओळखली गेली.

१८८४ च्या कायद्यातील शब्दयोजना येथे लक्षात घेण्यासारखी आहे. हे कर्ज लागवडीयोग्य जमिनीचे मालक व वहिवाटदार यांच्यासाठी होते आणि त्याचा हेतू शेतीशी निगडित असणे आवश्यक होते. आपत्ती निवारणाचा उल्लेख कायद्यात असला तरी ज्याच्याकडे जमीन नाही, तो आपद्ग्रस्त या व्याख्येतच बसत नव्हता. यामागे महसुली राज्याचे गणित होते. तगाईची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करता येत असे. जमीन हेच तारण आणि जमीन हाच वसुलीचा मार्ग होता. दुकानदाराकडे किंवा कारागिराकडे सरकारला ओळखता येईल असे तारण नव्हते. त्यामुळे तगाईचा प्रश्न आला की त्याला सावकाराचे दार ठोठवावे लागे.

ब) विणकरांचा अपवाद

वसाहतकालीन धोरणात बिगरशेती व्यावसायिकांचा विचार झालाच नाही, असे म्हणता येणार नाही. विणकर हा त्यातील महत्त्वाचा अपवाद होय. दुष्काळात धान्य महागले की कापडाची मागणी प्रथम घटते. म्हणून शेतकऱ्याच्या पाठोपाठ, कधी कधी त्याच्याही आधी, विणकराची चूल बंद पडते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत सोलापूरच्या विणकरांची हीच अवस्था झाली होती. त्यांना खडी फोडण्याच्या कामावर पाठविल्यास मागावर चालणारा हात बिघडतो आणि धंदाही मोडतो, असा युक्तिवाद त्या काळी मांडला गेला. त्यामुळे विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम द्यावे, सूत पुरवून तयार कापड विकत घ्यावे, असे प्रयोग सोलापुरात झाले.

या प्रयोगांचे वैशिष्ट्य असे की, माणसाचा जीव वाचविण्याबरोबरच त्याचा धंदा वाचविणे हीदेखील मदतच आहे, हे तत्त्व त्यांत अप्रत्यक्षपणे मान्य झाले होते. मात्र ही मदत कामाच्या स्वरूपाची होती, भांडवलाच्या नव्हे. दुष्काळ सरल्यावर विणकर पुन्हा व्यापाऱ्याच्या उधारीवरच अवलंबून राहिला. पुढे १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर आणि विशेषतः १९१२ च्या सुधारित कायद्यानंतर नागरी सहकारी पतसंस्था व बँका उभ्या राहिल्या. छोट्या व्यापाऱ्यांना नियमित कर्ज देण्याचे कार्य त्यांनी केले. परंतु या संस्थांचे सभासद एकाच गावातील किंवा पेठेतील असल्याने, महापूर आला की कर्जदार आणि ठेवीदार दोघेही एकाच वेळी अडचणीत येतात, ही त्यांची मर्यादा राहिली.

क) स्वातंत्र्योत्तर काळ : घर, पीक आणि निधी

स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या राज्य वित्तीय महामंडळ कायद्याने लहान व मध्यम उद्योगांच्या कर्जपुरवठ्याची सोय केली. हा पुरवठा मुख्यतः कारखानदारीसाठी होता, दुकानदारीसाठी नव्हता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ही आपत्ती नागरी होती. येथे पिकांपेक्षा घरे, दुकाने आणि छापखाने यांची हानी मोठी होती. तरीही पानशेतनंतरच्या पुनर्वसनाची ओळख आजही पूरग्रस्तांच्या वसाहतींवरून, म्हणजे घरांवरून होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातही घरबांधणी व गावांचे स्थलांतर हेच केंद्रस्थानी होते.

मदतीच्या निधीची रचना १९९० पासून बदलली. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार आपत्ती निवारण निधी अस्तित्वात आला. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि तेराव्या वित्त आयोगानंतर २०१० पासून राज्य आपत्ती प्रतिसाद निधीची व्यवस्था सुरू झाली. या निधीतून कोणत्या बाबीसाठी किती रक्कम द्यावी, याचे निकष केंद्र शासन ठरविते. मृतांच्या वारसांना मदत, घरांची पडझड, शेती, पशुधन, मत्स्यव्यवसाय आणि हातमाग-हस्तकला कारागीर असे त्याचे मुख्य घटक आहेत.

या यादीत दुकानदार नाही. २०१५ च्या निकषांनुसार हातमाग व हस्तकला कारागिराला हत्यारे-अवजारांच्या नुकसानीसाठी ४,१०० रुपये आणि कच्चा वा तयार मालाच्या नुकसानीसाठी ४,१०० रुपये, म्हणजे एकूण जास्तीत जास्त ८,२०० रुपये देय होते. २०२२ च्या निकषांत हा दर प्रत्येकी ५,००० रुपये झाला. म्हणजेच १८९६ च्या सोलापुरातील विणकराचा अपवाद सव्वाशे वर्षांनंतरही यादीत कायम आहे. पण इचलकरंजीचा यंत्रमागधारक हातमागाच्या व्याख्येत बसत नाही आणि किराणा दुकानदाराला तर त्या यादीत नावच नाही. धोरणाने काळाबरोबर रक्कम वाढविली, व्याख्या मात्र फारशी बदलली नाही.

ड) २०१९ आणि २०२१ चे महापूर

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वारणा व पंचगंगा नद्यांच्या महापुराने सांगली आणि कोल्हापूर येथील बाजारपेठांत पाणी शिरले. या वेळी राज्य शासनाने केंद्रीय निकषांबाहेर जाऊन छोट्या व्यावसायिकांना प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के किंवा कमाल ५०,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम देण्याचा निर्णय घेतला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. त्यानंतर ३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या ११,५०० कोटी रुपयांच्या मदतीत दुकानदारांसाठी हाच दर ठेवण्यात आला आणि टपरीधारकांसाठी कमाल १०,००० रुपयांची मर्यादा ठरविण्यात आली.

धोरणाच्या इतिहासात हे निर्णय महत्त्वाचे आहेत. शेतीबाहेरील नुकसान हेही शासनाने भरून देण्याजोगे नुकसान आहे, हे त्यांनी मान्य केले. तथापि या सूत्राचे गणित तपासणे आवश्यक आहे. ७५ टक्क्यांचा दर सुमारे ६६,६६७ रुपयांच्या नुकसानीपर्यंतच लागू होतो. त्यापुढे कमाल मर्यादाच चालते. दोन लाखांचा माल बुडालेल्या दुकानदाराला मिळणारे ५०,००० रुपये त्याच्या नुकसानीच्या २५ टक्के होतात. नुकसान पाच लाखांचे असेल तर हे प्रमाण १० टक्क्यांवर येते. टपरीधारकाच्या बाबतीत तर १३,३३३ रुपयांच्या पुढेच मर्यादा लागू होते. त्यामुळे ७५ टक्के हा आकडा अत्यंत लहान व्यावसायिकांपुरताच खरा ठरतो. गाळाने भरलेले दुकान साफ करून पुन्हा फळ्यांवर माल लावण्यासाठी लागणारे भांडवल या अनुदानातून उभे राहू शकत नाही.

दुसरा प्रश्न पुराव्याचा आहे. स्थानिक रहिवास, मतदार यादीतील नाव, शिधापत्रिका आणि व्यवसायाची नोंदणी वा परवाना अशा अटी मदतीला जोडलेल्या होत्या. गैरप्रकार टाळण्यासाठी त्या आवश्यक मानल्या गेल्या. परंतु भाड्याच्या गाळ्यात धंदा करणारा परगावचा कारागीर, परवाना नसलेला फेरीवाला आणि घरातच शिलाईकाम करणारी स्त्री यांना या अटी पूर्ण करणे कठीण असते. शिवाय ज्या वह्या आणि बिले यांवरून नुकसान सिद्ध करावयाचे, ती कागदपत्रेच पाण्यात गेलेली असतात. शेतातील पीक वाहून गेले तरी शेत आणि सातबारा राहतो. दुकानातील माल वाहून गेल्यावर तो तेथे होता, याचा साक्षीदार केवळ पंचनामा असतो आणि पंचनाम्यापूर्वी गाळ उपसावा तर पुरावा जातो, न उपसावा तर उरलेला मालही कुजतो.

इ) कर्जाचा मार्ग

अनुदान अपुरे असेल तेथे कर्ज हा दुसरा मार्ग असतो. रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपत्तीग्रस्त भागात बँका जुन्या कर्जांची पुनर्रचना करू शकतात व नवे कर्जही देऊ शकतात. मात्र ही सोय मुख्यतः ज्यांचे आधीपासून बँकेत खाते व कर्ज आहे, त्यांनाच उपयोगी पडते. २ जुलै २०२१ रोजी, चिपळूणच्या पुरापूर्वी अवघे तीन आठवडे, केंद्र शासनाने किरकोळ व घाऊक व्यापाराचा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांत समावेश केला. पण तो अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच मर्यादित होता.

कोविड-१९ च्या साथीला मार्च २०२० मध्ये अधिसूचित आपत्ती मानून केंद्राने मदतीची तरतूद केली. त्यानंतर दोन महत्त्वाच्या योजना आल्या. आपत्कालीन पतहमी योजनेत बँकांनी दिलेल्या विनातारण वाढीव कर्जाला शासनाने हमी दिली. पंतप्रधान स्वनिधी योजनेत पथविक्रेत्याला प्रारंभी १०,००० रुपयांचे विनातारण कर्ज आणि व्याजात ७ टक्के सवलत मिळाली. तारणाऐवजी शासनाची हमी हे तत्त्व येथे व्यापक प्रमाणावर छोट्या व्यावसायिकांपर्यंत पोहोचले. तगाईच्या कायद्यांनी उभी केलेली जमिनीची भिंत या योजनांनी ओलांडली. परंतु ही तरतूद एका साथीपुरती निर्माण झाली. महापूर वा चक्रीवादळ येताच आपोआप लागू होणारी कायमस्वरूपी कर्ज योजना त्यातून घडली नाही.

ई) अमेरिकेतील व्यवस्थेशी तुलना

अमेरिकेत या प्रश्नाची वाटचाल वेगळ्या दिशेने झाली. १९३३ च्या लाँग बीच भूकंपानंतर पुनर्रचना वित्त महामंडळाने आपद्ग्रस्तांना कर्जे दिली. १९३७ मध्ये ओहायो नदीच्या महापुराच्या पार्श्वभूमीवर आपत्ती कर्ज महामंडळ स्थापन झाले. १९५३ मध्ये लघु व्यवसाय प्रशासनाची स्थापना झाल्यावर आपत्ती कर्जाचे काम त्याच्याकडे आले. आपत्ती जाहीर झाली की व्यावसायिकाने या एका कार्यालयाकडे अर्ज करावा, अशी ही स्थायी व्यवस्था आहे.

तीही निर्दोष नाही. १९७२ च्या ॲग्नेस चक्रीवादळानंतर व्याजदर १ टक्क्यावर आणण्यात आला आणि ५,००० डॉलरपर्यंतचे कर्ज माफ करण्यात आले. कर्ज व अनुदान यांतील सीमारेषाच पुसली गेली आणि १९७३ मध्ये ही सवलत मागे घ्यावी लागली. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर अर्जांचा मोठा साठा तुंबला आणि विलंबामुळे प्रशासनावर तीव्र टीका झाली. तात्पर्य, अमेरिकेत कायद्याचा आधार आहे, पण परतफेडीचे ओझे व्यावसायिकावर राहते. महाराष्ट्रात परतफेडीचे ओझे नाही, पण मदत मिळेल की नाही आणि किती मिळेल, हे प्रत्येक आपत्तीनंतरच्या निर्णयावर अवलंबून असते.

निष्कर्ष

१) आपत्तीकालीन मदतीची कायदेशीर चौकट महसुली राज्याच्या गरजेतून घडली आणि तारण म्हणून जमीन मानल्यामुळे बिगरशेती व्यावसायिक तिच्याबाहेर राहिला.
२) विणकरांविषयीचा वसाहतकालीन अपवाद आजच्या निकषांत हातमाग व हस्तकलेच्या रूपाने टिकून आहे. दुकानदार व यंत्रमागधारक यांना त्यात स्थान नाही.
३) २०१९ व २०२१ च्या निर्णयांनी छोट्या व्यावसायिकांना मान्यता दिली, परंतु कमाल मर्यादेमुळे ७५ टक्के भरपाई बहुतांशी नाममात्र राहते.
४) नोंदणी व कागदपत्रांच्या अटींमुळे सर्वांत दुर्बल व्यावसायिक मदतीपासून वंचित राहण्याची शक्यता अधिक असते.
५) तातडीचे अनुदान आणि शासनाच्या हमीवरील विनातारण कर्ज या दोहोंची सांगड घालणारी स्थायी योजना ही काळाची गरज आहे.

समारोप

१८८४ च्या कायद्याने आपद्ग्रस्त कोण, याचे उत्तर जमिनीच्या आधारे दिले. आज राज्यातील मोठी लोकसंख्या दुकान, टपरी, माग आणि शिलाईयंत्र यांवर उदरनिर्वाह करते. महापूर शेत आणि दुकान असा भेद करीत नाही. तो भेद धोरणाने केलेला आहे आणि म्हणूनच धोरणाने तो दूर करणेही शक्य आहे. दुकानातील मालाची पूरपूर्व नोंद नगरपरिषदेकडे वा सहकारी बँकेकडे ठेवण्याची साधी व्यवस्था झाली, तरी पुढील पंचनाम्याच्या वेळी व्यावसायिकाला केवळ आपल्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही. शेतकऱ्याला सातबाऱ्याने जो आधार दिला, तसाच एखादा आधार छोट्या व्यावसायिकाला मिळणे, हे या इतिहासातून घ्यावयाचे मुख्य सूत्र होय.