मार्चचा सगळा भार आईवरच का?



ज्वारी काढून झाली का? हरभरा घरात आला का? शेवया-कुरडयांचं वाळवण घातलं का? विचारते खरी, पण मार्चमध्ये उत्तर द्यायला तुम्ही रिकाम्या नसणार हे मला ठाऊक आहे. हातातलं काम चालू ठेवा आणि कान तेवढा इकडे द्या.

मी बचत गटांची सहयोगिनी आहे. घरी सहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती आधी सांगते.

आमच्या एका गटाची बैठक दर महिन्याच्या वीस तारखेला दुपारी असते. न सांगता गैरहजर राहिलं की दहा रुपये दंड, असा गटाचाच नियम. त्या महिन्यात एक सखी आली नाही. मी वहीत तिच्या नावापुढं दंड लिहिला. पुढच्या बैठकीला तिनं दहा रुपये काढून ठेवले आणि म्हणाली, "ताई, त्या दिवशी पोराची तोंडी परीक्षा होती. त्याचा प्रकल्प रात्रभर बसून मीच चिकटवला, सकाळी शाळेत पोचवला, तिथून थेट काढणीला गेले. शाळेत उशीर झाला तर बाई बोलतात, रानात उशीर झाला तर सासरे बोलतात आणि इथं उशीर झाला तर तुम्ही दंड घेता. मी एकटीनं कुठं कुठं पुरं पडायचं?"

मला काही बोलता आलं नाही. कारण त्याच आठवड्यात मी बँकेत संध्याकाळपर्यंत गटांची खाती जुळवत बसले होते आणि माझी मुलगी उद्याच्या पेपरचं गणित अडलं म्हणून दारात वाट बघत होती. तिला मी म्हटलं होतं, "थांब, आधी मार्चएंड होऊ दे."

मग मनात आलं, हे सगळं एकाच वेळी का येतं? काढणी, परीक्षा, मार्चएंड. हे वेळापत्रक देवानं तर लिहिलेलं नाही. कुणी ठरवलं? बी.ए.ला इतिहास होता, तेव्हा पुन्हा थोडं वाचलं. ते तुम्हाला सांगते.

सगळ्यात जुनं वर्ष शेताचं. रब्बीची सुगी आणि मागोमाग पाडवा. जुन्या काळी बलुतेदारांचं वर्षाचं धान्य खळ्यावरच मिळायचं. गावात पंतोजीची शाळा असायची. मुलं धुळीवर अक्षरं गिरवायची, पाढे घोकायची, मोडी शिकायची. तिथं आजच्यासारखी वार्षिक परीक्षा नव्हती. रानात काम निघालं की मूल घरी राहायचं, काम सरलं की परत जायचं. म्हणजे शाळा शेताच्या चालीनं चालायची. पण हे लक्षात ठेवा, की त्या शाळेत मुली नसायच्या आणि ज्यांना शिवायचं नाही असं समाज म्हणायचा त्यांची मुलंही नसायची. म्हणून तो काळ फार चांगला होता असं मी म्हणणार नाही.

१८४८ साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या शाळांतल्या मुलींच्या परीक्षा चारचौघांत झाल्या, त्या बघायला लोकांची गर्दी झाली. मुली शिकू शकतात हे लोकांना दाखवायचं होतं. तेव्हा परीक्षा ही मुलींच्या बाजूनं दिलेली साक्षच होती.

मग सरकारी शिक्षण खातं आलं. शाळा तपासायला साहेब यायचे, लोक त्यांना 'दिपोटी' म्हणत. ते ज्या दिवशी येतील तो परीक्षेचा दिवस. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. गावाकडं सातवीची 'व्हर्नाक्युलर फायनल' आली. आपल्या आजोबांच्या पिढीत 'फायनल पास' माणसाला मोठा मान होता, त्याला मास्तरकी मिळायची. स्वातंत्र्यानंतर एस.एस.सी. आली. आधी अकरा वर्षांची असलेली शाळा नंतर दहा वर्षांची झाली आणि १९७५ साली दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली. हळूहळू 'मार्च म्हणजे परीक्षा' हे घराघरात पक्कं झालं.

आता दुसरं वर्ष बघा, पैशाचं. आपण ३१ मार्चला खातेवह्या बंद करतो, हप्ते वसूल करतो, बँकेच्या रांगेत उभ्या राहतो. ही तारीख इंग्रज सरकारची. त्याआधी सरकारी हिशेबाचं वर्ष १ मे ते ३० एप्रिल असं होतं. १८६७ साली ते १ एप्रिल ते ३१ मार्च असं केलं, कारण विलायतेतल्या हिशेबाशी मेळ बसवायचा होता. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा ती तारीख बँकेच्या दारातून आपल्या गटाच्या वहीत आली. दीडशे वर्षांपूर्वी दूरच्या कचेरीत झालेला निर्णय आज आपल्या ओसरीवर येऊन बसला आहे.

म्हणजे शेताचं, शाळेचं आणि पैशाचं अशी तीन वर्षं एकाच महिन्यात संपतात. तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात ठरवली. ठरवताना घरातल्या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

गरिबाच्या घरातली अडचण कुणालाच दिसली नाही, असं मात्र नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं. शेतकऱ्यांची मुलं गुरं राखतात, शेत सांभाळतात, म्हणून शाळेत येत नाहीत, असं त्यांनी मांडलं. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, पण नुसता कायदा करून भागणार नाही, या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसंही द्या, अशी त्यांची मागणी होती. घराचा भार ओळखल्याशिवाय शाळा टिकत नाही, हे त्यांना कळलं होतं.

१९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. हे वाचताना मला आमचा दहा रुपयांचा दंड आठवला आणि मी थबकले. महाराजांचा दंड मुलाला शाळेत आणण्यासाठी होता. माझा दंड मुलाच्या शाळेपायी बैठक चुकलेल्या आईला होता. दंडाची वही दोघांकडं होती, पण काम उलटं झालं होतं.

आजचा भार आणखी वेगळा आहे. आपल्या सासवांना शाळेतून फारसं काही विचारत नसत. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, मूल पास-नापास होऊन यायचं, एवढंच. आता घरचा अभ्यास मोबाइलवर येतो, प्रकल्प येतो, आधारची दुरुस्ती येते, सही येते आणि ते सगळं 'आईला सांग' म्हणून येतं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. पुढं २०१९ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ साली महाराष्ट्रानं पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. २०२५ साली तर पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत गेल्या. उन्हाच्या तडाख्यात लेकरं कशी जाणार म्हणून पालक आणि शिक्षक दोघांनी हरकत घेतली.

ऊसतोडीला जाणाऱ्या सख्यांचं तर विचारूच नका. दिवाळीनंतर बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर निघतो, तो पाडव्याच्या आसपास परततो. शाळेचं अख्खं दुसरं सत्र त्यात जातं. मूल आजीजवळ ठेवलं, हंगामी वसतिगृहात घातलं तर परीक्षा मिळते. सोबत नेलं तर फडावर धाकट्याला सांभाळत बसतं. तिथं आईचं चुकत नाही. कारखान्याचा हंगाम आणि शाळेचं वर्ष यांचा मेळच बसवलेला नाही.

मग करायचं काय? इतिहासातून मला एवढं कळलं, की वेळापत्रक माणसं करतात आणि माणसं ते बदलतात. सरकारी वर्ष १८६७ साली बदललं, शाळेची वर्षं १९७५ साली बदलली. आणि आज कायद्यानं आपल्याला बोलायला जागा आहे. शिक्षण हक्क कायद्यात शाळेचं वेळापत्रक ठरवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम म्हणून लिहिलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असंही लिहिलं आहे. त्या निम्म्या जागा नुसत्या सहीपुरत्या वापरू नका. तोंडी परीक्षा कधी, प्रकल्प किती, एकाच आठवड्यात सगळं का, हे जानेवारीतल्या सभेतच विचारा. मार्चमध्ये विचारून उपयोग नसतो.

जे आपल्या हातात आहे ते आम्ही आधी केलं. त्या गटात सगळ्याजणी बसलो आणि ठराव लिहिला. मार्च-एप्रिलची बैठक संध्याकाळी जेवणं झाल्यावर घ्यायची. परीक्षेपायी गैरहजर राहिलेल्या आईला दंड नाही. वर्षाची खाती फेब्रुवारीतच जुळवायला घ्यायची, म्हणजे ३१ तारखेला एकीनंच बँकेत गेलं तरी भागेल. आणि शेजारच्या चौघींनी पाळी लावायची, एकीनं चौघींची पोरं परीक्षेला पोचवायची, बाकीच्या तिघी काढणीला मोकळ्या. पाळीमध्ये घरच्या पुरुषांचीही नावं घाला, असं एका आजीनं सुचवलं. आधी सगळ्या हसल्या, मग दोन नावं लिहिली गेली.

त्या सखीचे दहा रुपये मी इतिवृत्तात नोंद करून परत दिले. ती म्हणाली, "राहू द्या की ताई." मी म्हटलं, "घे. चूक वहीत लिहिली होती, तर दुरुस्तीही वहीतच लिहायला हवी."

यंदा माझ्या मुलीचं गणित अडलं तर तिला "थांब" म्हणायचं नाही, असं मी ठरवलं आहे. जमेल का ते एप्रिलमध्ये सांगते. तुमच्या गटात काय ठरलं, तेही कळवा.