चित्रशाळेची वाट

आधुनिक चित्रकलेचें नांव निघालें कीं सामान्य सुशिक्षित मनुष्य दुरूनच हात जोडतो. "आम्हांला त्यांतलें कांहीं कळत नाहीं," असें तो विनयानें म्हणतो. पण त्या विनयांत थोडी भीति असते आणि थोडा रागहि असतो. हाच मनुष्य गाण्याच्या बैठकीला गेला, म्हणजे रागाचें नांव ठाऊक नसलें तरी मान डोलावतो. गाणें लहानपणापासून त्याच्या कानांवर पडत आलेलें असतें. चित्राची आणि त्याची तशी गांठ कधीं पडलेली नसते. उणीव असते ती सहवासाची. हा सहवास मराठी माणसाला कसकसा लाभत गेला, याचा इतिहास बराचसा मुंबईच्या रस्त्यांवरच घडला आहे.

पेशवाईंत चित्रें होतीं, पण तीं धन्याच्या वाड्यांत होतीं. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यांतील भिंतींवर तीं आजहि पाहावयास मिळतात. ज्याला वाड्यांत प्रवेश त्यालाच चित्राचें दर्शन, अशी ती व्यवस्था होती. इंग्रजी अमलांत ही कोंडी हळूहळू फुटली. १८५७ सालीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून मुंबईंत कलाशाळा निघाली. १८७२ सालीं भायखळ्याचें वस्तुसंग्रहालय लोकांना खुलें झालें. तेंच आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं मुंबईंत शिळाछापखाना काढला, आणि राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांतील लक्ष्मी व सरस्वती गरिबाच्या देवघरांत आणि दुकानदाराच्या गल्ल्यावर येऊन बसल्या. हौशी स्त्रियांनीं त्या चित्रांतील वस्त्रांना जर आणि टिकल्या लावल्या. चित्र घरचें झालें, तें अशा रीतीनें.

फोर्ट विभागांतील प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाची कोनशिला १९०५ मध्यें बसली. इमारत उभी राहिली तोंच पहिलें महायुद्ध पेटलें आणि तिचें लष्करी रुग्णालय झालें. अखेर १० जानेवारी १९२२ रोजीं तेथें प्रेक्षकांचें पाऊल पडलें. सर रतन टाटा व सर दोराब टाटा या बंधूंनीं जमविलेल्या संग्रहामुळें जुनी विलायती चित्रें आणि चिनी-जपानी कलावस्तु मुंबईकरांना घरबसल्या दिसूं लागल्या. परंतु तेथें होतें तें बहुतेक गतकालाचें वैभव. आपल्या काळचें, आपल्याच गल्लींतल्या माणसानें काढलेलें चित्र कोठें पाहावें, हा प्रश्न उरलाच.

त्या प्रश्नाचें उत्तर १९४७ सालीं सहा तरुणांनीं दिलें. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे या मंडळींनीं 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप' स्थापन केला. यांतले कोणी श्रीमंतांघरचे लाडावलेले पुत्र नव्हते. आरा यांनीं घरगड्याचें काम केलें होतें, मोटारी धुतल्या होत्या, मिठाच्या सत्याग्रहांत तुरुंगवासहि भोगला होता. पंढरपुरास जन्मलेले हुसेन सिनेमाच्या जाहिरातींचे प्रचंड फलक रंगवीत असत. गोव्याच्या साळगांवचे सूझा यांच्या मातोश्री शिवणकाम करून संसार चालवीत. रझा चित्रांचे ठसे बनविणाऱ्या कारखान्यांत नोकरीस होते, तर गाडे हे विज्ञानाचे पदवीधर. १९४९ सालीं रॅम्पार्ट रो येथें बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनांत या मंडळींचें पहिलें प्रदर्शन भरलें. जी चित्रें पुढें 'कळत नाहींत' म्हणून बाजूस सारलीं गेलीं, तीं अशा कष्टकरी हातांतून उतरलेलीं होतीं.

यांच्या चित्रांत माणसाचें नाक नाकाच्या जागीं नसतें, घोडा निळा असतो, घरें एकमेकांवर रेलतात. मग तीं खरीं कशीं, असा आक्षेप नेहमीं येतो. परंतु आक्षेप घेणाऱ्यानें आपल्याच दाराशीं नजर टाकावी. चातुर्मासांत गृहिणी तुळशीपुढें गोपद्में काढते. गाईचें पाऊल हुबेहूब तसेंच असतें काय? नागपंचमीला पाटावर चंदनानें काढलेला नाग कोणत्या वारुळांत सांपडेल? तरी त्या दोन रेषा पाहून हात आपोआप जोडले जातात. वस्तूचें बाह्य रूप बाजूस ठेवून तिचा नेमका भाव थोडक्या रेषांत पकडावयाचा, ही विद्या मराठी घराला परकी नाहीं. आधुनिक चित्रकार ती स्वतःच्या काळाच्या सुखदुःखासाठीं वापरतो, इतकेंच. रांगोळी रोज दिसते म्हणून ती अवघड वाटत नाहीं; चित्रहि रोज दिसावें लागतें.

तें रोज दिसण्याची सोय सर कावसजी जहांगीर यांच्या उदारपणामुळें झाली. दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ त्यांनीं दिलेल्या देणगींतून १९५२ सालीं वस्तुसंग्रहालयाच्या आवारालगत जहांगीर कलादालन उभें राहिलें. येथें प्रवेशास पैसे पडत नाहींत. पाऊस चुकविण्यासाठीं आंत शिरलेला कारकून, जेवणाच्या सुटींत पाय मोकळे करावयास निघालेली टंकलेखिका, कॉलेजचा तास बुडविलेला विद्यार्थी, असा प्रेक्षक दालनाला मिळाला. बाहेर पदपथावर होतकरू चित्रकार आपलीं चित्रें मांडून बसूं लागले. पुढें १९९६ सालीं, समोरच्याच बाजूस असलेल्या जुन्या कावसजी जहांगीर सभागृहांत राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाची मुंबईंतील शाखा उघडली.

ही दारें उघडीं असणें किती अगत्याचें आहे, हें हुसेन यांच्या 'ग्रामयात्रा' या चित्राच्या कथेवरून ध्यानांत येतें. रांधणाऱ्या, मुलें सांभाळणाऱ्या स्त्रिया, गाड्या, शेतकरी अशीं ग्रामजीवनाचीं तेरा दृश्यें असलेलें हें चित्र त्यांनीं १९५४ मध्यें काढलें. त्याच सुमारास दिल्लींत आलेल्या एका परदेशी डॉक्टरांनीं तें विकत घेतलें, आणि पुढें कित्येक दशकें तें नॉर्वेंतील ओस्लोच्या एका रुग्णालयांत भिंतीवर राहिलें. मार्च २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या लिलांवांत त्याला शंभर कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. त्या पैशाचा विनियोग डॉक्टरांच्या शिक्षणासाठीं ठरला, ही गोष्ट समाधानाची. परंतु अशा किमतींचें चित्र सामान्य माणसाच्या घरांत कधीं येणार नाहीं, हेंहि तितकेंच खरें. सार्वजनिक चित्रशाळा नसेल, तर गांवाचें चित्र गांवच्या माणसाला पाहावयास मिळणार कोठें?

म्हणून चित्रशाळेंत जाण्याचें मोठें अवडंबर माजवूं नये. देवदर्शनास किंवा भाजी आणावयास जावें, तितक्या सहजपणें जावें. एका फेरींत शंभर चित्रें पाहून डोळे शिणविण्यापेक्षां एकाच चित्रापुढें पांच मिनिटें उभें राहावें, मुलांना बरोबर न्यावें, आणि महिन्याभरानें त्याच चित्राला पुन्हां भेटावें. पहिल्या भेटींत परकें वाटलेलें चित्र तिसऱ्या भेटींत ओळख देऊं लागतें. शंभर-सव्वाशें वर्षांच्या खटपटीनें मुंबईंत हीं दारें उघडलीं आहेत. उंबरठा ओलांडण्याचें काम तेवढें प्रेक्षकाकडे राहिलें आहे.