‘बॉम्बे’ रक्तगट : शर्करा-विकराच्या एका जनुकाचा इतिहास

प्रस्तावना

रक्तगटाचा विचार सामान्यतः ए, बी, एबी आणि ओ या चार अक्षरांत संपतो. ही अक्षरे ज्या शर्करांची नावे आहेत, त्या शर्करा तांबड्या पेशींवर बसविणारी विकरे व त्यांची जनुके मात्र दुर्लक्षित राहतात. या जनुकांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा १९५२ साली मुंबईत घडला. प्रस्तुत लेखात या शोधाचा व त्यामागील उत्क्रांतीचा आढावा घेतला आहे.

मुंबईतील शोध

कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्ना येथे ए, बी आणि ओ हे गट वेगळे केले. त्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अर्धे शतक ओ गटाचे रक्त कोणालाही चालते, असा समज दृढ होता. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना मुंबईत अशा व्यक्ती आढळल्या, की ज्यांच्या पेशी वरवर ओ गटाच्या भासत; परंतु त्यांचा रक्तद्रव ए व बी यांबरोबरच ओ गटाच्या पेशींचेही गुठळीकरण करीत असे. लंडनमधील रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी हा शोध १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये अमेरिकेतील फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी एका स्त्रीची नोंद केली. तिच्या रक्तात न दिसणारा बी गुण तिच्या मुलीत प्रकट झाला होता. म्हणजे जनुक नाहीसे झालेले नव्हते. त्याला प्रकट होण्यासाठी आवश्यक असलेला पाया नव्हता.

एच प्रतिजन व त्याचे विकर

हा पाया म्हणजे एच प्रतिजन. पेशीवरील शर्करा-साखळीच्या टोकाशी फ्यूकोज ही शर्करा जोडली गेली की एच तयार होतो. त्यावर ए विकर एक शर्करा जोडते, बी विकर दुसरी. ओ गटात काहीच जोडले जात नाही व एच तसाच राहतो. फ्यूकोज जोडणाऱ्या विकराचे जनुक, एफयूटी-१, एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. १९९० मध्ये ते वेगळे करण्यात आले. भारतीय ‘बॉम्बे’ व्यक्तींत या जनुकाच्या ७२५ व्या स्थानी एका अक्षराचा बदल आढळतो. त्यामुळे ल्यूसिनच्या जागी आर्जिनीन येते व विकर निष्क्रिय होते. या व्यक्तींत शेजारचे एफयूटी-२ जनुकही गळालेले असते. त्यामुळे लाळेतही एच नसतो.

प्राइमेट कुळातील पूर्वेतिहास

माकडांमध्ये ए, बी व एच हे प्रतिजन लाळेत व शरीरातील इतर ऊतींत आढळतात. तांबड्या पेशींवर मात्र ते मानव व मानवसदृश वानरांतच दिसतात. फ्रान्समधील संशोधकांनी २००० मध्ये विविध प्राइमेट जातींच्या जनुकांची तुलना केली. मानव व वानरांच्या एफयूटी-१ मध्ये ‘अलू-वाय’ हा फिरता जनुकखंड घुसलेला असून माकडांत तो नाही, असे त्यांना आढळले. या खंडामुळेच एच रक्तपेशींवर आला असावा, असा तर्क त्यांनी मांडला. लक्षणीय बाब अशी, की ‘बॉम्बे’ व्यक्तींतील एफयूटी-२ चा लोपही अलू खंडांमुळेच झालेला आहे.

शर्करा गमावण्याची ही एकमेव घटना नव्हे. आफ्रिका व आशियातील माकडे, वानर आणि मानव यांच्या पूर्वजांनी सुमारे दोन ते तीन कोटी वर्षांपूर्वी अल्फा-गॅल ही शर्करा बनविणारे विकर गमावले. तेव्हापासून त्यांचे शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. शरीर जे स्वतः बनवीत नाही, त्यास ते परके मानते. ‘बॉम्बे’ व्यक्तीच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडे असतात, ती याच नियमाने.

वैद्यकीय व सामाजिक महत्त्व

याचा परिणाम गंभीर आहे. ओ गटाच्या पेशींवर एच सर्वाधिक असतो. त्यामुळे ‘ओ’ अशी चुकीची नोंद झालेल्या ‘बॉम्बे’ रुग्णास ओ रक्त दिल्यास ते प्राणघातक ठरू शकते. केवळ पेशींच्या चाचणीतून हा भेद कळत नाही. रक्तद्रवाची ओ पेशींशी चाचणी किंवा एच-विरोधी चाचणी करावी लागते. मुंबईत हे प्रमाण सुमारे ७,६०० व्यक्तींत एक असे आढळले आहे, तर युरोपात ते दहा लाखांत एक एवढे विरळ आहे. हा गुण अप्रभावी असल्याने नात्यातील विवाहांत तो प्रकट होण्याची शक्यता वाढते. रुग्णाची भावंडे बहुधा प्रथम तपासली जातात, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकात तो असण्याची शक्यता चारात एक असते. माण-हिंजवडीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक कामास आलेले आहेत. अपघातसमयी सख्खे भावंड जवळ नसेल, तर दुर्मीळ रक्तदात्यांची सूची हाच आधार उरतो.

समारोप

कोट्यवधी वर्षांपूर्वी प्राइमेट कुळातील एका जनुकात झालेला बदल आणि आजच्या रक्तपेढीतील चाचणी हे एकाच इतिहासाचे दोन टप्पे होत. हा इतिहास मुंबईतील डॉक्टरांच्या काळजीपूर्वक निरीक्षणामुळे उलगडला. न जुळणारी चाचणी चूक म्हणून बाजूला न सारता तिचे कारण शोधणे, ही त्यांची खरी देणगी म्हणावी लागेल.